ओ कोकेरोतली दोरी

निवृत्त माणसाच्या आठवणींना आपल्याकडे फारसं गिऱ्हाईक नसतं. बँकेतून निवृत्त झालेले काका जुन्या ऑडिटची गोष्ट काढतात आणि खोलीतली तरुण मंडळी एकेक करून पाणी प्यायला उठतात. निवृत्त पोलिसाचं तसं नाही. तो नुसता खाकरला तरी लोक सरसावून बसतात. त्यातून सांगणारे मुंबई पोलिसांतले मधुकर झेंडे असले, तर चहा गार झाला तरी कुणी हलत नाही.

झेंड्यांनी चार्ल्स शोभराजला दोनदा पकडलं. १९७१ मध्ये मुंबईत आणि ६ एप्रिल १९८६ रोजी गोव्यात. मधल्या काळात या गृहस्थाने आशियाभर भटकणाऱ्या परदेशी तरुणांशी गोड बोलून, त्यांना गुंगीची औषधं पाजून लुटलं. कित्येकांचे जीव गेले. मेलेल्यांच्या पासपोर्टवर हा पुढच्या विमानात बसला. तरीही वर्तमानपत्रं त्याच्या रुबाबाबद्दलच लिहीत राहिली. खुन्याला इंग्रजी, फ्रेंच बोलता आलं की त्याचं व्यक्तिमत्त्व होतं, एरवी तो नुसता खुनी.

पुढे तो पकडला जाऊन दिल्लीच्या तिहार तुरुंगात पडला. तिथून निसटला तोही गोड खाऊ घालूनच. १६ मार्च १९८६, रविवार. वाढदिवसाचं निमित्त करून पहारेकऱ्यांना गुंगीची मिठाई वाटली. ते आडवे झाले, हा बाहेर. पुढे बरोब्बर तीन आठवड्यांनी, रविवारीच, तो सापडला आणि त्या दिवशी खरोखरच त्याचा वाढदिवस होता. बेचाळिसावा. एखाद्या कथालेखकाने हे लिहिलं असतं, तर संपादकाने ‘फारच जुळवून आणलंय’ म्हणून साभार परत केलं असतं.

गोव्यातल्या पर्वरीचं ओ कोकेरो हे तेव्हा विदेशी पाहुण्यांचं आवडतं रेस्टॉरंट. तिथून परदेशी फोन लागायचा, म्हणूनही त्यांची वर्दळ. शोभराज इथे येणार, असा झेंड्यांचा होरा. मग काय, बसले दबा धरून. सरकारी खर्चाने गोव्यातल्या हॉटेलात बसून मजा करत असल्याचं नाटक करायचं, ही नोकरी ऐकायला फार बरी वाटते. पण नजर ताटावर नाही, दारावर. समोर काफ्रियाल आलं तरी त्याची चव कळणार कुणाला? शिवाय प्रत्येक गोरा माणूस क्षणभर तोच वाटत असणार. कादंबऱ्यांतल्या गुप्तहेरांना हे वाट बघणं कधी फारसं करावं लागत नाही. लेखक त्यांचं ते काम एका परिच्छेदात उरकून टाकतो.

टॅक्सीतून दोघे जण उतरले, डोक्यावर टोप्या. पंधरा वर्षांपूर्वी पाहिलेला चेहरा टोपीखालूनही झेंड्यांना ओळखू आला. ते उठले, मागून जाऊन मिठी मारली आणि नावाने हाक घातली.

खरी गंमत यापुढे. बेड्या नव्हत्या! देशभरातले पोलीस ज्याच्या मागावर, त्याला पकडायला निघालेल्या पथकाकडे बेड्या नसाव्यात, हे फक्त आपल्याकडेच घडू शकतं आणि निभावूनही फक्त आपल्याकडेच नेलं जातं. हॉटेलवाल्यांकडून दोरी मागून घेतली आणि त्याला करकचून बांधलं. मुंबईच्या वाटेवर गाडीत त्याच्या अंगावर दोघांना बसवलं होतं, असंही झेंडे सांगतात. माणूस पोलिसांच्या हातून निसटण्यात पटाईत, तेव्हा त्याच्यावर बसून राहणं हा उपाय नामी म्हणायला हवा. तुरुंगाच्या भिंतींना जे जमलं नाही, ते दोन मराठी देहांच्या वजनाने साधलं.

ओ कोकेरोने पुढे या घटनेची आठवण म्हणून पुतळा बसवला. कुणाचा? शोभराजचा. टेबलाशी निवांत बसलेला. लोक त्याच्या शेजारी बसून फोटो काढून घेत. हॉटेलवाल्याचा धंदा आहे, त्याला काय बोलायचं! पण ज्यांनी काम केलं ते, आणि ज्यांचे जीव गेले ते, यांच्यासाठी त्या टेबलाशी खुर्ची नव्हती. निदान दोरी तरी काचेच्या पेटीत ठेवायची.

हिंदी सिनेमाने २०२५ मध्ये थोडीफार भरपाई केली. चिन्मय मांडलेकरांनी चित्रपट काढला, नाव ‘इन्स्पेक्टर झेंडे’, आणि झेंडे झाले मनोज बाजपेयी. इन्स्पेक्टरचं नाव जसंच्या तसं राहिलं. शोभराजचं मात्र कार्ल भोजराज करून टाकलं. जन्मभर दुसऱ्यांच्या नावावर फिरलेल्या माणसाला हे एक नाव मात्र न चोरता मिळालं.