सहज, सुगम आणि आमचे नारळ

प्राप्तिकर खात्यात कुणीतरी विनोदी माणूस असणार. पगारदारांच्या आयटीआर-१ फॉर्मचं नाव त्याने ‘सहज’ ठेवलं आणि छोट्या धंदेवाल्यांच्या आयटीआर-४चं ‘सुगम’. दोन आणि तीन नंबरचं बारसं मात्र राहूनच गेलं. बहुधा पाळण्यात डोकावल्यावर आत्याबाईंना नाव सुचलं नसावं. आमच्या घरात माणसं चार. त्यांतली तिघं या बिननावाच्या फॉर्मांत मोडतात, हे आम्हाला गेल्या वर्षी कळलं. तोवर आम्ही स्वतःला साधी माणसं समजत होतो.

वीसेक वर्षं आमचं रिटर्न पालघर स्टेशनजवळचे एक गृहस्थ भरत. जुलै आला की घरातले फॉर्म १६, पासबुकं, विम्याच्या पावत्या एका कापडी पिशवीत भरायच्या, वर वाडीतले चार नारळ ठेवायचे आणि पिशवी त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवायची. आठ दिवसांनी पिशवी परत यायची. नारळ सोडून. त्यांची फी वाजवी होती आणि तोंड बंद होतं. कुणाची ठेव कुठे आहे, कुणी कुणाला न सांगता काय घेतलं, हे सगळं त्यांना ठाऊक होतं आणि त्यांनी ते कधी कुणाला सांगितलं नाही. आम्ही त्यांना आकडेमोडीचे पैसे देतो अशी आमची समजूत होती. ते पैसे गप्प बसण्याचे होते, हे ते मुलाकडे पुण्याला राहायला गेले तेव्हा लक्षात आलं.

मग मुलगी म्हणाली, “बाबा, आता सॉफ्टवेअर घेऊ.” 

आमच्या भागातला शिरगावचा किल्ला १७३९ साली मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतला, पण त्या मोहिमेला चिमाजी आप्पा नावाचा एकच सेनापती होता. आमच्या मोहिमेला चार सेनापती आणि शिवाय बोईसरचे मेहुणे. मेहुणे ‘ॲटॉमिक’मध्ये आहेत. तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९पासून चालतं आणि ते आपल्याचमुळे चालतं असं त्यांचं मत आहे. अशा माणसाला कुठल्याही सॉफ्टवेअरबद्दल मत असतंच. 

मेहुणे एक्सेलचे भक्त. खात्याच्या साइटवरून एक्सेलची फाइल उतरवून घ्यायची, ‘मॅक्रो’ चालू करायचे, हिरवे रकाने भरायचे. “नेट गेलं तरी काम थांबत नाही,” ते म्हणाले. आमच्याकडे नेट जाणं हा मुद्दाच नाही, कारण ते नीट यायला आधी गच्चीच्या वायव्य कोपऱ्यात उभं राहावं लागतं. पण या फाइलीची गंमत अशी, की गेल्या वर्षी एक आणि चार नंबरच्या फाइली मेअखेर आल्या आणि दोन-तीन नंबरवाल्यांच्या ११ जुलैला. रिटर्नची तारीख ३१ जुलै होती, ती सरकारने आधीच १५ सप्टेंबर करून ठेवली होती. म्हणजे गणपती होऊन, गौरी जेवून, पितृपंधरवडा लागल्यावर. पितरांना पान वाढण्याच्या दिवसांत हयातीचा हिशेब द्यायचा! 

मुलीला मोबाइलमधलं ॲप हवं होतं. नाव सांगत नाही, तशी डझनभर आहेत. सगळी ‘मोफत’ असतात. तुमचा पगार आणि बँकेचं व्याज एवढंच असेल तोवर मोफत. त्यापलीकडे दोन पैसे कुठे मिळाल्याचा वास आला की एक निळी चौकट वर येते आणि ‘तुमच्यासाठी योग्य प्लॅन’ दाखवते. न्यू जर्सीतल्या माझ्या दादाला हे सांगितलं तर तो फोनवर हसला. तिकडे ‘मोफत’ या शब्दापायी टर्बोटॅक्सच्या कंपनीने २०२२ साली सगळ्या राज्यांशी तडजोड करून १४ कोटी १० लाख डॉलर मोजायचं कबूल केलं. आणि तिथल्या सरकारने स्वतःचं फुकट सॉफ्टवेअर २०२४ साली बारा राज्यांत सुरू केलं, ते दोन हंगामांत गुंडाळलंसुद्धा. आपल्याकडे उलट आहे. सरकारची साइट फुकट आहे, म्हणून तिच्यावर कुणाचा विश्वास नाही. २०२१च्या जूनमध्ये ती नव्याने उघडली तेव्हा इतकी अडखळली की त्या वर्षीची तारीख ३१ डिसेंबरपर्यंत न्यावी लागली. आता ती पुष्कळ सुधारली आहे, आकडे आधीच भरून देते. पण एकदा नासलेल्या दुधाचं पातेलं लोक वर्षभर हुंगत बसतात.

बायकोचं म्हणणं, फुकट आहे ते वापरा. आईचं म्हणणं, कागदावर भरा. 

आई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली. पूर्वी रिटर्न ऑनलाइन भरलं तरी पावती छापून, निळ्या शाईने सही करून, साध्या टपालाने किंवा स्पीड पोस्टाने बंगळुरूला पाठवावी लागे. कुरियर चालत नसे, काळी शाई चालत नसे. आईच्या मते हिंदुस्थान सरकारचा तो सुवर्णकाळ होता. आताही ऐंशी पूर्ण केलेल्या माणसाला आपलं साधं रिटर्न कागदावर देता येतं असं तिला मेहुण्यांनी सांगितलं. “मग सात वर्षं थांबते,” ती म्हणाली.

शेवटी मी शास्त्रीय पद्धतीने जायचं ठरवलं. तारापूरच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्याचं स्टोअर सांभाळतो मी. तीन ठिकाणचे भाव मागवल्याशिवाय आम्ही झाडूसुद्धा घेत नाही. माझे आकडे तीन ठिकाणी भरले. एक्सेल, ॲप, साइट. तिन्हीकडे कर तोच आला, रुपयाचा फरक नाही. मला खरं सांगायचं तर अपमान वाटला. सातपाटीला सरंगा घ्यायला गेलं तर तीन कोळणी तीन भाव सांगतात आणि चौथी आपल्या तोंडाकडे बघून सांगते. इथे कुणी तोंडाकडेच बघेना. ॲपने तेवढ्यात रंगीबेरंगी कागदांचे तुकडे उडवून दाखवले आणि नवी करपद्धत निवडून मी किती वाचवले ते सांगितलं. साइटने तीच गोष्ट तोंड आंबट करून सांगितली. एक्सेलने काहीच सांगितलं नाही, फक्त फाइल बंद पडली.

आणि मग नारळ आले.

सातबारा माझ्या नावावर आहे. नारळ, थोडी सुपारी, कोपऱ्यात पानवेल. शेतीचं उत्पन्न करमाफ असतं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण ते पाच हजारांच्या वर गेलं तर ‘सहज’ चालत नाही. म्हणजे नारळावर कर नाही, पण नारळावर कर नाही हे सांगायला दोन नंबरचा फॉर्म लागतो. पाच हजारांचे नारळ म्हणजे किती? ज्याने ही मर्यादा ठरवली त्याने नारळ शेवटचा कधी विकत घेतला होता कोण जाणे. मेहुण्यांनी सुचवलं, वाडी अविभक्त कुटुंबाच्या नावाने दाखवा, त्याला वेगळं पॅन मिळतं. मी वाचून पाहिलं. आपल्याकडे अमेरिकेसारखं नवरा-बायकोचं एकत्र रिटर्न नसतं. कुटुंब म्हणून भरायचं तर हिंदू अविभक्त कुटुंब हा एकच दरवाजा, आणि अविभक्त कुटुंबाला ‘सहज’ फॉर्म निषिद्ध आहे. धंदा असला तर ‘सुगम’ चालेल, सहज मात्र नाही. खात्यात विनोदी माणूस आहे म्हणालो ते उगाच नाही.

तर एवढं झाल्यावर मुलीने तोडगा काढला. तिच्या ॲपात ‘फॅमिली प्लॅन’ होता. एकच लॉगिन, चौघांची पॅनं, एका पडद्यावर चौघांचे आकडे, वर सूट. मला कल्पना आवडली. जेवणानंतर मी ती मांडली आणि घरात अशी शांतता पसरली की समुद्र ऐकू आला.

“कशाला उगाच?” बायको म्हणाली.

“बाबा, माझं वेगळंच असू दे. माझं थोडं वेगळं आहे,” म्हणाली ती मुलगी, जिने प्लॅन सुचवला होता.

आई काहीच म्हणाली नाही. तिने अडकित्ता उचलला.

इथे वार्षिक माहितीपत्रकाबद्दल सांगायला हवं. २०२१च्या अखेरीस खात्याने हे सुरू केलं. व्याज, लाभांश, शेअर, म्युच्युअल फंडाची खरेदी-विक्री, बँका आणि कंपन्या जे जे कळवतील ते सगळं तुमच्या नावाखाली एका कागदावर येतं. फाइलला पासवर्ड असतो: छोट्या लिपीत पॅन आणि पुढे जन्मतारीख. पासवर्ड कडेकोट वाटतो, पण आमच्या आईच्या पिढीला शाळेत घालताना गुरुजींनी सगळ्यांची जन्मतारीख १ जून लिहिली. महाराष्ट्रात एका विशिष्ट वयाच्या वरचे निम्मे लोक १ जूनला जन्मले आहेत. त्यांच्या गुपितांना एकच चावी.

फॅमिली प्लॅन कुणाला का नको ते माझ्या हळूहळू ध्यानात आलं. बायकोने घरखर्चातून वाचवून एक एसआयपी चालवली होती. गेल्या वर्षापासून इक्विटी फंडाचा सव्वा लाखापर्यंतचा दीर्घ मुदतीचा नफा ‘सहज’मध्ये बसतो, पण तिने युनिटं अकराव्या महिन्यात विकली. प्रत्येक हप्त्याला वर्ष उलटेपर्यंत थांबली असती तर सहज होती. का विकली ते अजून कळलेलं नाही. नवऱ्याने दिलेल्या पैशांतून बायकोला झालेलं उत्पन्न नवऱ्याच्याच नावावर धरायचं, असं १९६१च्या कायद्याचं ६४वं कलम म्हणत होतं. मी ते तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “दिले तुम्ही, वाचवले कुणी?” कायद्याच्या पुस्तकात याला उत्तर सापडलं नाही. मुलगी अंधेरीच्या ऑफिसात जाता-येता लोकलमध्ये ऑप्शन घेत-विकत होती. तो कायद्याने धंदा ठरतो, म्हणून तीन नंबरचा फॉर्म. नफा होता की तोटा, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. ती डबा घरून नेऊ लागली होती, यावरून काय तो अंदाज. माझंही सांगून टाकतो: कारखान्याच्या पतपेढीतली एक ठेव घरात कुणाला ठाऊक नव्हती. सरकारला होती.

सरकारपासून आता लपवण्यासारखं काही उरलेलंच नाही. लपवायचं ते घरच्यांपासून. आणि आम्ही चौघं महिनाभर त्याच कामाचं सॉफ्टवेअर शोधत होतो. ते पुण्याला राहायला गेलं होतं.

१५ सप्टेंबरची रात्र. फॅमिली प्लॅन घेतला नाहीच. बायको माजघरात मोबाइल घेऊन, मुलगी गच्चीच्या वायव्य कोपऱ्यात, मी ओटीवर लॅपटॉप उघडून. तिघांची तीन निरनिराळी सॉफ्टवेअरं आणि पडद्यावर धरलेला हात. अर्ध्या देशाची हीच गत असावी, कारण मध्यरात्रीच्या सुमाराला सरकारने आणखी एक दिवस वाढवून दिला. मेहुण्यांचा फोन आला, “आता घाई करू नका.” आम्ही कुणीच एकमेकांना ती बातमी सांगितली नाही, कारण सांगायचं तर आपण जागे का आहोत तेही सांगावं लागलं असतं.

आई झोपली असेल असं वाटत होतं. तिचं रिटर्न कोण भरणार याची चिंता मलाच होती. चार माणसांत ‘सहज’ फॉर्म तेवढा तिचा, पेन्शन आणि व्याज. म्हटलं सकाळी बसून भरून देऊ.

तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. आधारचा ओटीपी. माझं तर झालं होतं. मग आठवलं, आईच्या आधारला नंबर माझा जोडलेला. मागे बघतो तो आई दारात उभी. हातात मुलीचा जुना टॅब, नाकावर चष्मा. नोकरीत असताना सरकारने सक्तीने करायला लावलेली एमएस-सीआयटी ती पहिल्या झटक्यात पास झाली होती, हे मी साफ विसरलो होतो.

मी टॅबकडे मान वळवली. तिने तो छातीशी धरला.

“नंबर सांग,” ती म्हणाली. “पंधरा मिनिटंच चालतो म्हणे. आणि इकडे बघू नकोस.”