गाळणकर

त्याचं खरं आडनाव वेगळं आहे. पण कॅन्टीनमध्ये पोह्यांची बशी समोर आली की तो आधी कढीपत्ता काढतो, मग मिरची, मग मोहरीचा एकेक दाणा चमच्याच्या टोकाने बशीच्या काठावर ओळीने लावतो, आणि पोहे पार गार झाले की खायला घेतो. हे दोन वर्षं बघितल्यावर हिंजवडीतल्या आमच्या टीमने त्याचं बारसं केलं : गाळणकर. त्याने मनावर घेतलं नाही. बहुधा तेही गाळलं असावं.

गाळणं हा त्याचा पोटापाण्याचा उद्योगच आहे. ब्राउझर एखादं वेबपेज वाचतो तेव्हा त्याचं झाड करतो. टॅगच्या पोटात टॅग, त्याच्या पोटात आणखी टॅग, शेवटी मजकूर. या झाडावर फांदीफांदीने फिरायचं, हवं ते उचलायचं, नको ते सोडायचं, हे त्याचं काम. ‘तुमचे हे नक्की काय करतात?’ असं कोणी विचारलं तर त्याची बायको सांगते, “झाडावर असतात.”

टीममध्ये नवं पोर आलं की गाळणकर त्याला पहिल्याच दिवशी चहाच्या टपरीवर नेतो आणि घाबरवतो. “दोन टॅगांच्या मधे तू एंटर मारतोस ना? ती मोकळी जागापण नोड असते. पहिलं मूल कोण असं विचारलंस की सगळ्यात आधी तीच हात वर करते.” पोराचा चहा हातात तसाच राहतो. “आणि यादीवर फिरता फिरता यादीतले नोड कधी काढू नकोस. यादी जिवंत असते. पंगतीत पहिल्याला उठवलंस की दुसरा त्याच्या पाटावर सरकतो, आणि तू तर दुसऱ्या पाटाशी पोचलेला. दर दुसरा माणूस तुझ्या हातून सुटणार. उठवायचंच तर शेवटून उठवत ये.”

त्याची विद्या खोटी नाही, हे मात्र मान्य केलं पाहिजे. आमच्यातली एक मुलगी पानावरचे शब्द मोजायचा प्रोग्राम लिहीत होती. आकडा दुपटीने फुगत होता, कारण स्क्रिप्ट टॅगच्या आतला सगळा कोड शब्द म्हणून मोजला जात होता. स्क्रिप्ट दिसली की हाकल, असं तिने फिल्टरमध्ये स्पष्ट लिहिलेलं. दोन दिवस ती त्या ओळीकडे बघत बसली होती. गाळणकर मागून आला, खांद्यावरून डोकावला आणि म्हणाला, “चार नको, पाच लिही.”

तिने पाच लिहिलं. आकडा ताळ्यावर आला.

“तुमच्या सोसायटीत खाली वॉचमन आहे आणि वर दारात तुझी आई आहे,” तो सांगायला लागला. “चार म्हणजे तू वॉचमनला सांगितलंस, फक्त मजकूर वर पाठव. मग स्क्रिप्टचा टॅग आईसमोर आलाच नाही. जो दारात आलाच नाही त्याला ती हाकलणार कशी? तो खाली राहिला, पण त्याची पोरं जिना चढून वर. ती मजकूरच ना! टॅगचा एक, मजकुराचे चार, मिळून पाच. दोघांनाही वर येऊ दे, मग काय करायचं ते आईला ठरवू दे.”

फिल्टरला उत्तरं तीनच देता येतात. १ म्हणजे घ्या. २ म्हणजे हाकला, पोराबाळांसकट. ३ म्हणजे ‘स्किप’ : याला वगळा, पण याची मुलं बघा. ट्रीवॉकर नावाचा फिरस्ता हा फरक काटेकोर पाळतो. नोडइटरेटर नावाचा त्याचा भाऊ पोस्टमनसारखा ओळीने दारं घेत जातो. त्याला फांदी कळत नाही, म्हणून त्याच्या लेखी २ आणि ३ सारखेच. हे सगळं डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने १३ नोव्हेंबर २००० रोजी शिफारस म्हणून पक्कं केलं. गाळणकर ही तारीख आजोबांच्या तिथीसारखी लक्षात ठेवून आहे. या तीन उत्तरांना इंग्रजी नावं आहेत, आणि शहाणी माणसं कोडमध्ये ती नावंच लिहितात. गाळणकर मात्र आकडे लिहायचा. “नावं नवशिक्यांसाठी. आपल्याला पाठ आहेत.”

मागच्या हिवाळ्यात त्याच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं आणि पत्रिकांच्या यादीचं काम त्याने मागून घेतलं. चार पिढ्यांचं घराणं त्याने एका फाइलमध्ये टॅगात टॅग घालून बसवलं. गुंतागुंत एकच होती. मोठ्या काकांशी अकरा वर्षं अबोला. कारण सातारा जिल्ह्यातल्या गावची सामाईक विहीर आणि तिच्या पाण्याची पाळी. वडिलांनी निकाल दिला, “दादाला पत्रिका नाही. पण पोरांनी काय घोडं मारलंय? त्यांना द्या.”

गाळणकरला आनंद झाला. इतकं स्वच्छ स्पेसिफिकेशन त्याला ऑफिसात कधी मिळालं नव्हतं. रात्री त्याने ट्रीवॉकर लिहिला, घराण्यावरून फिरवला, यादी छापली, पाकिटांवर चिकटवायच्या पट्ट्यासुद्धा काढल्या. सकाळी कागद आईच्या हातात ठेवला. आईने चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि अर्ध्या मिनिटात विचारलं, “ताई कुठंय?”

ताई म्हणजे काकांची मुलगी. अबोल्याच्या अकरा वर्षांत विहिरीवरून एक शब्द इकडून तिकडे गेला नव्हता, पण ताईची राखी दर श्रावणात पोस्टाने आली होती.

“यादी प्रोग्रामने काढलीय, आई. चुकणार नाही.”

“मग पुढच्या वर्षी राखी त्यालाच पाठवायला सांगते.”

गाळणकरने लॅपटॉप उघडला. काकांच्या ओळीपुढे ३ च्या जागी २ पडला होता. मुलगे, सुना, ताई, तिची माणसं, झोळीतलं नातवंड, सगळी फांदी एका आकड्याने साफ. त्याने २ चा ३ केला. नऊ नावं परत आली. मला हे त्यानेच सांगितलं, आणि सांगताना पहिल्यांदाच नोडइटरेटरची स्तुती केली. “तो लावला असता तर दोन काय आणि तीन काय, ताई सुटली नसती.” तेव्हापासून तो कोडमध्ये नावं लिहितो.

लग्नाला मी गेलो होतो. अक्षता पडल्या, पंगत बसली. गाळणकर सोवळं नेसून जिलब्यांचं ताट घेऊन निघाला, वाढत वाढत आला आणि मधेच एका पानाशी थबकला. पानावर मोठे काका बसले होते. मुलांच्या गाडीतून आले होते. पत्रिका मुलांना होती, गाडी मुलांची होती, चालवायला मुलगा होता. काका नुसते पुढच्या सीटवर बसले होते. गाळणकरच्या वडिलांनी लांबून बघितलं आणि मांडवाच्या कनातीकडे तोंड फिरवलं, पण तिथून ते हललेही नाहीत. काकांनी पानावर आडवा हात धरला. “बस, बस.” गाळणकरने हात बाजूला होईपर्यंत वाट पाहिली आणि दोन जिलब्या वाढल्या. मग पुढच्या पानाशी गेला. एकही पान चुकलं नाही.

सोमवारी कॅन्टीनमध्ये मी त्याला छेडलं. “काय रे, काका स्किप होते ना? मग आले कसे?”

तो पोह्यांतली मोहरी काठावर लावत होता. चमचा थांबला नाही.

“स्किप म्हणजे यादीत नाव येत नाही,” तो म्हणाला. “फिल्टरने झाडातलं पान गळत नाही.”