पाचोळा पेटवू नका, सालींवर टाका

पानगळ सुरू झाली की शहरातल्या कितीतरी सोसायट्यांच्या गेटपाशी सकाळी दोन कामं चालतात. झाडून गोळा केलेला कडुलिंब-वडाचा पाचोळा पेटवला जातो आणि शेजारीच घंटागाडीत भाजीची देठं, केळीच्या साली, शिळी पोळी असलेली गाठ मारलेली प्लॅस्टिकची पिशवी पडते. खताला लागणाऱ्या दोन्ही गोष्टी एका दारात हजर असतात. त्यातल्या एकीचा आपण धूर करतो आणि दुसरी दुसऱ्याच्या गावाच्या माथी मारतो.

असं माथी मारल्यावर काय होतं, ते आपल्या छत्रपती संभाजीनगरने पाहिलं आहे. कित्येक दशकं आपला कचरा सोसलेल्या नारेगाव-मांडकी परिसरातल्या गावकऱ्यांनी १६ फेब्रुवारी २०१८ पासून गाड्या अडवल्या. योग्यच केलं. चौकाचौकात ढीग साचले. ७ मार्चला कचरा टाकण्यावरून मिटमिट्यात दगडफेक, जाळपोळ आणि लाठीमार झाला. नंतर चिकलठाणा, पडेगाव, हर्सूलला प्रक्रिया केंद्रं आली, कांचनवाडीत ओल्या कचऱ्यापासून गॅस बनवणारा प्रकल्प आला. ही कामं व्हायलाच हवी होती. पण भाजीच्या देठांचं आणि सालींचं बहुतांश वजन पाण्याचंच असतं. जायकवाडी धरणाच्या पाण्याची कित्येक दिवस वाट पाहणारं शहर तेच पाणी डिझेल जाळून गावाबाहेर वाहून नेतं, हे मला पटत नाही.

घरीच खत का नाही करत, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: वास येतो. वास येतो कारण डब्यात फक्त ओलं असतं. हवा कोंडते आणि हवेशिवाय जगणारे जिवाणू सडवायला लागतात. कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्राच्या एका भागामागे कर्बाचे पंचवीस ते तीस भाग लागतात. सालींमध्ये कर्ब तेवढा नसतो, पाचोळ्यात भरपूर असतो. म्हणून ओल्याच्या एका थरावर कोरड्या पानांचे दोन-तीन थर द्या, ड्रमला भोकं पाडा, आठवड्यातून एकदा हलवा. सुरुवातीला मूठभर शेण किंवा थोडं आंबट ताक पुरतं. पाचोळा संपला तर रसवंतीवरची उसाची चिपाडं वाळवून बारीक करा. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये तर उलटीच अडचण येते, ढीग वाळून काम थांबतं. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी तेव्हा शिंपडा. मूठ आवळल्यावर एखाद-दोन थेंब सुटावेत, इतकीच ओल हवी. दोन-तीन महिन्यांत काळं, भुसभुशीत, पावसाळी मातीच्या वासाचं खत हाती येतं.

मोबाइलवर फिरणाऱ्या झटपट खतांबद्दलही बोललं पाहिजे. पालाशासाठी केळीच्या सालीचं पाणी, चुन्यासाठी अंड्याच्या कवचांची पूड. मराठवाड्याच्या काळ्या मातीत चुना आणि पालाश मुळातच भरपूर आहेत, तिला तूट आहे ती सेंद्रिय कर्बाची. कुंडीतली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पाणी घातलं की चिकट होते. तिला हवं ते कुजलेलं खत. साल बाटलीत भिजवण्यापेक्षा ड्रममध्ये टाका.

घनकचरा नियमांनी २०१६ मध्येच रस्त्यावर, मोकळ्या जागेत कचरा जाळायला बंदी केली आणि बागेतला पालापाचोळा वेगळा ठेवायला सांगितलं. तरी दर फाल्गुनात धूर निघतोच, आणि तो पहिल्यांदा भोगतो झाडू हातात असलेला माणूस. त्याला पेटवायला सांगणारे आपणच असतो.

महापालिकेने पानगळीचे दोन महिने पाचोळा वेगळ्या गाडीने उचलावा, पोत्यात भरून वॉर्डाच्या बागेत ठेवावा आणि मागेल त्या घराला, सोसायटीला फुकट द्यावा. वर्षभराच्या कोरड्या साहित्याचा प्रश्न त्यातून सुटेल. सोसायट्यांनी मात्र त्यासाठी थांबू नये. चार पोती पाचोळा जिन्याखाली मावतो. उद्या सकाळी झाडणाऱ्या दादांना काडीपेटीऐवजी पोती द्या.