चाली जाई!

सोनगीरला तापी नाही. ती गाठायची तर मुंबई-आग्रा रस्त्याने नरडाणा मागे टाकून सावळद्याच्या पुलापर्यंत जावं लागतं. त्यामुळे जिभाऊंनी नाव घेतली हे कळलं तेव्हा गल्लीतल्या बायकांना उखाणा आठवला आणि पुरुषांनी ‘कोणाचं?’ असं विचारलं. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ओळखलं जाणारं हे गाव. इथले हात पिढ्यान्‌पिढ्या हंडे घडवत आले; ते भरायला पाणी कुठून आणायचं, ही चिंता त्यांनी गिऱ्हाइकावर सोपवली. अशा गावातल्या माणसाने पाण्यावर तरंगणारी वस्तू विकत घ्यावी, हे जरा अतीच.

जिभाऊ म्हणजे कोण, हे खानदेशाबाहेरच्यांना सांगायला हवं. हे नाव नव्हे, हुद्दा आहे. प्रत्येक गल्लीत एक जिभाऊ असतो आणि त्याच्या घरात कुठलीच वस्तू मरत नाही. छत्रीची काडी मोडली की ती वांग्याच्या रोपाचा आधार होते, फुटका बंब धान्याची कोठी होतो, कोठीला भोक पडलं की तिच्यात तुळस येते. ‘नवीन घ्या’ हे शब्द त्यांच्या कानाला शिवीसारखे लागतात. त्यावर त्यांचं उत्तर एकच: “चाली जाई, भो. आजून दोन साल निंघतीन.” ही दोन सालं कधीच संपत नाहीत. लग्नातलं घड्याळ गेली तीस वर्षं ‘आजून दोन सालं’ चालतंय. वेळ दाखवत नाही, ते सोडा.

तर, नाव. भाचा तापीकाठी मासेमारी करतो, त्याच्याशी भागीदारीत घेतलेली, जुनी. सुलवाड्याच्या बॅरेजमुळे आता नदीत पाणी टिकतं, तेव्हा वल्ही मारत हात मोडण्यापेक्षा मशीन लावावं, असा भाच्याचा विचार. मशीनही जुनंच मिळालं. ते आलं आणि खरं नाटक सुरू झालं.

नावेच्या पाठीमागे जी उभी आडवी फळी असते, तिला मशीनवाले ट्रान्सम म्हणतात. वल्ह्याच्या नावेत ती बिचारी नुसती पाणी अडवून उभी असते. मशीन आलं की तिच्यावर 25-30 किलोचा गडी लटकतो. नुसता लटकत नाही, ढकलतोही. खाली पाण्यात पंखा नाव पुढे रेटतो, तो सगळा रेटा या फळीतून जातो. खालचा भाग आत दाबला जातो आणि वरच्या कडेला मशीन मागे ओढतं. म्हणजे फळीची अवस्था एकत्र कुटुंबातल्या मधल्या सुनेसारखी.

त्यात मशीन निघालं 15 इंच उंचीच्या फळीसाठी बनवलेलं आणि आमची फळी 20 इंचांची. पंखा पाण्यात पोचेना, नुसता फेस. फळी बदला, असं शिरपूरच्या मिस्त्रीने तेव्हाच सांगितलं होतं. जिभाऊंनी करवत मागवली. मधोमध पाच इंचांची खाच पाडली, मशीन बसवलं आणि भाच्याला म्हणाले, “देख. हजार रुपया वाचनात.”

प्लायवूडची फळी पृष्ठभागाने पाणी पीत नाही, ती कडेने पिते. खाच पाडल्यावर उघडी पडलेली कड म्हणजे लाकडाने वासलेलं तोंड. वर मशीनच्या बोल्टांची भोकं, तीही कोरडीच, लांबी न भरलेली. तीन पावसाळ्यांत फळी आतून कुजली. बाहेरून रंग तसाच होता. पेचकस टोचला तर तो शिऱ्यात चमचा जावा तसा आत गेला. मिस्त्रीने हातोडीने ठोकून दाखवलं. चांगलं लाकूड टणक वाजतं, हे भिजल्या पोत्यासारखं बद्द वाजलं. तांब्याचा आवाज ओळखणाऱ्या जिभाऊंना तो समजला नाही, असं होणं शक्य नव्हतं. पण त्यांनी तो ऐकूच आला नसल्यासारखा चेहरा केला.

“किल्लाना तट पडी गया,” ते गावामागच्या टेकडीकडे हात करून म्हणाले, “म्हनीसन किल्ला कोन्ही बदलस का?”

याला उत्तर नव्हतं. ते चूक होतं, पण त्याला उत्तर नव्हतं.

मग त्यांनी आपला हुकमी पत्ता काढला: तांब्याचा पत्रा. फळीच्या मापाचा, कडांना वळवून, मठार मारून. काम असं देखणं की ती नाव नदीत न सोडता देवघरात ठेवावी. पितळी स्क्रूंनी ठोकून बसवला. मी शंका काढली, तर त्यांनी मलाच इतिहास ऐकवला. जुन्या लढाऊ जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे मारत, हे त्यांना कुठूनसं ठाऊक होतं. वाडियांनी मुंबईत सागवानात बांधलेलं, 1817 साली पाण्यात उतरलेलं ट्रिंकोमाली जहाज इंग्लंडात आजही तरंगतं, हेही. खरंच तरंगतं. पण ते पत्रे लाकूड पोखरणारे समुद्री किडे दूर ठेवायला असत, कुजलेल्या प्लायवूडला बरं करायला नव्हे, आणि ते जहाज ‘चाली जाई’ म्हणत टिकवलेलं नाही. त्याची कितीतरी वर्षं नीट डागडुजी केली गेली. हे सांगायला मी तोंड उघडलं, पण जिभाऊ तोवर चहा सांगायला गेले होते.

पत्र्यामागे पाणी शिरलं आणि तिथेच बसलं, वाळायला वाटच नाही. शिवाय मशीनची पकड ॲल्युमिनियमची. ओल्यात तांबं आणि ॲल्युमिनियम एकमेकांना लागले की ॲल्युमिनियम झिजतं. त्या जोडीत पडतं घेणारा ठरलेला असतो. पुढच्या दिवाळीपर्यंत पकडीवर पांढरी भुकटी आली आणि एका सकाळी सावळद्याजवळ मशीन सगळा पत्रा घेऊन मागे कललं. भाच्याने त्याला मिठी मारली म्हणून ते वाचलं. हे भाचाच सांगतो, जिभाऊ म्हणतात, “थोडं ढिलं व्हयनं व्हतं.”

शेवटी मिस्त्री आला. जुनी फळी अखंड निघाली असती तर तिच्यावरून नवीचा आकार रेखता आला असता, पण ती ओंजळीत निघाली. मग खोक्याच्या पुठ्ठ्याचा फर्मा. 18 मिलीमीटरच्या दोन मरीन प्लाय इपॉक्सीने चिकटवून रात्रभर शिकंज्यात आवळल्या, सगळ्या कडांना इपॉक्सी पाजली, बोल्टांची भोकं लांबीने भरली. उंची मोजून 15 इंच. जिभाऊ दोन दिवस शेजारी स्टूल टाकून बसले, एक शब्द बोलले नाहीत. फक्त कुजका भुगा गोणीत भरून घरी नेला. तुळशीला.

मागच्या आठवड्यात नाव पाहायला गेलो. मशीन ताठ, फळी कोरी. डाव्या कोपऱ्यात मात्र तळहाताएवढा तांब्याचा चौकोन चमकत होता, बारीक मठारलेला.

“जिभाऊ, हाई काय?”

“काई नही भो. नजर लागाले नको म्हनीसन.”

मी वाकून पाहिलं. चार पितळी स्क्रू होते. लांबी कुठेच दिसत नव्हती.