कवीच्या आधी कविता घरी

चोपड्यात कवी पुष्कळ. पण ज्याची कविता त्याच्या आधी घरात शिरते, असा मी एकटाच. फिरताना मोबाइलवर ओळी टिपायच्या. फाटकात पाऊल टाकलं, घरचं वायफाय लागलं, की मी चपला काढेस्तोवर त्या आतल्या संगणकावर हजर. ना वायर, ना बटण. आल्यागेल्या प्रत्येकाला मी हे करून दाखवत असे. हिलाही दाखवलं. ही म्हणाली, “कविता आली ना? मग तुम्ही अजून एक चक्कर मारून या.”

तर ती सोय गेली. प्रोग्राम अपडेट झाला आणि पडद्यावर आलं, ‘तुमच्या सुरक्षिततेसाठी’. आता एक तर वायर जोडा, नाही तर कविता कंपनीच्या क्लाउडवर ठेवा. माझ्या कविता चोरीला जातील ही काळजी आजवर फक्त या कंपनीनेच केली, हे मान्य करायला हवं.

असं होतच आलंय म्हणा. 2005 मध्ये मायक्रोसॉफ्टने मोबाइल आणि संगणक जुळवणाऱ्या ॲक्टिव्हसिंक 4.0 मधून वायफायवरचं सिंक काढून टाकलं, कारण हेच. 2013 मध्ये ॲपलने मॅव्हरिक्स या संगणक प्रणालीत फोनमधले पत्ते आणि कॅलेंडर मॅकशी थेट जुळवणंच बंद केलं. ओरड झाली तेव्हा पुढच्या मे महिन्यात तिच्या 10.9.3 आवृत्तीत यूएसबीपुरतं परत दिलं.

या भानगडीच्या मुळाशी जेफ हॉकिन्स. या माणसावर माझा फार जीव. खिशात मावणारं यंत्र बनवण्याआधी त्याने शर्टाच्या खिशाएवढा लाकडाचा ठोकळा कापला, चॉपस्टिक तासून लेखणी केली आणि ते घेऊन हिंडू लागला. कुणी भेटीची वेळ मागितली की ठोकळा काढायचा, काडीने टिपल्यासारखं करायचं, ठोकळा परत खिशात. हे मी चोपड्याच्या बसस्टँडवर केलं तर काय होईल, यावर मी बराच विचार केलाय. अमळनेर गाडी कधी, असं कुणी विचारावं आणि मी ठोकळ्यात बघून सांगावं. पहिला म्हणेल, “भाऊ, डोकं फिरी गयं का?” दुसरा घरी फोन करील. तिसरा हमखास केळीवाला निघणार, तो गंभीरपणे विचारील, “आजचा भाव काय दाखवतंय?” हॉकिन्सच्या ठोकळ्याचं 1996 मध्ये ‘पायलट’ झालं. संगणकाला जोडलेल्या स्टँडवर ठेवा, बटण दाबा, यातलं त्यात, त्यातलं यात. मध्ये तिसरा कुणी नाही.

खरी चीड मला या तिसऱ्याचीच आहे. मोबाइल आणि संगणक यांच्यात दीड हाताचं अंतर. त्यासाठी माझी ओळ कुठल्याशा परमुलखातल्या सर्व्हरवर जाऊन माझ्याच टेबलावर यायची! हे आमच्या खानदेशाला नवं नाही. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, विलायतेतल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा इकडचा कापूस बोटीने तिकडे गेला आणि तिकडचं कापड आपण विकत घेतलं. मग 1936 मध्ये इथल्याच फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यातलं पहिलं. आमचे आजोबा तिथून चरख्याचं वेड घेऊन आले ते शेवटपर्यंत. आपला कापूस, आपलं सूत. त्यांचं सूत दर हातभराला तुटायचं, ते थुंकी लावून सांधायचे आणि पुन्हा चाक फिरवायचे. मला तेव्हा ते नुसते हट्टी वाटत.

आता मी वायर धरून बसतो. ती सैल आहे. मोबाइलखाली पंचांग ठेवून त्याला तिरपा केला तरच सिंक होतं, आणि कुणी जोरात दार लावलं की पुन्हा पहिल्यापासून. ही दार जोरातच लावते.

ज्यांचं बिनतारी अजून चालू आहे, त्यांनी ‘अपडेट’ दाबण्याआधी काय काढून टाकलंय ते बारीक अक्षरातलं वाचावं. आणि कुणाकडे घट्ट बसणारी, पाचेक फुटी वायर पडून असेल तर ती चोपड्याला पाठवावी. मोबदल्यात कविता मिळतील.