आजीची आई

कॅनडाच्या उत्तरेकडच्या नुनावुतमधली एखादी आजी चार वर्षांच्या नातीला इनुक्टिटुट भाषेत ‘आई’ म्हणून हाक मारते, तेव्हा ती लाडात आलेली नसते. बारशाला ‘आजोबाच परत आले हो’ असं आपणही म्हणतो, आणि लगेच त्या आजोबांना दुपट्यात करकचून बांधून पाळण्यात टाकतो. तिथली इनुइट मंडळी मात्र बोललेलं निभावतात. मूल जन्मलं की वारलेल्या कुणाचं तरी नाव त्याला मिळतं आणि नावासोबत त्या माणसाची नातीही. आजीच्या आईचं नाव मिळालं की नात आजीची आई झाली! नावांना स्त्री-पुरुष भेद नाही, त्यामुळे एखादा मुलगाही कुणाची तरी आई असतो. शिवाय एकाच मुलाला अशी बरीच नावं. पोरांवर ओरडायची पद्धत पूर्वी फारशी नव्हती, ती काही उगाच नाही. स्वतःच्या आईला कोपऱ्यात कोण उभं करणार?

हा गोतावळा सरकारी रकान्यात मावेना. मिशनऱ्यांनी आधीच बायबलमधली नावं वाटली होती; लोकांनी ती जिभेवर घोळवून एलिझाबेथची एलिसापी करून टाकली. पण आडनाव कुणालाच नव्हतं, आणि इनुक्टिटुट नावं कारकुनांना लिहिता येत नव्हती. कॅनडा सरकारने यावर १९४१मध्ये तोडगा काढला, तो म्हणजे नंबर. नाण्याएवढा बिल्ला, गळ्यात दोऱ्याने अडकवायचा. पूर्वेकडच्यांना ‘ई’, पश्चिमेकडच्यांना ‘डब्ल्यू’, पुढे विभागाचा आकडा, मग माणसाचा. कारकुनाची सोय झाली, एवढंच त्याबद्दल बरं बोलता येईल.

हे नंबर हटवून आडनावं द्यायचं काम १९६८मध्ये एब ओकपिक यांच्याकडे आलं. ते वायव्य प्रदेशांच्या परिषदेतले पहिले इनुइट सदस्य, आणि स्वतः डब्ल्यू३-५५४. १९७१पर्यंत ते वस्ती-वस्ती फिरले, आडनाव म्हणजे काय हे समजावत राहिले. पुष्कळांनी बापाचं किंवा आजोबांचं नाव आडनाव म्हणून घेतलं. ते आजोबा तेव्हा त्याच घरात रांगत असण्याचीही शक्यता होती, पण अर्जात त्यासाठी रकाना नसावा.

नंबर गेले, असं म्हणतात खरं. नुनावुतची रॉक गायिका लूसी इडलाउट हिने मात्र पहिल्या अल्बमला आईचा बिल्ला-नंबरच दिला: ‘ई५-७७०, माय मदर्स नेम’. दुकानात तो कुठल्या अक्षराखाली लावायचा, हे आता कारकुनानेच ठरवावं.