मामा, आचारसंहिता आणि मातीची कबुतरं

कळमनुरीत क्ले टार्गेटचं, म्हणजे उडत्या तबकड्या बंदुकीने फोडायच्या खेळाचं, मैदान नाही, तबकड्या फेकायचं यंत्र नाही, तबकड्याही नाहीत. तज्ज्ञ मात्र आहेत. ते एकच आहेत आणि सगळं गाव त्यांना मामा म्हणतं.

मामांकडे वडिलोपार्जित एकनळी बाराबोर आहे. परवाना पीकसंरक्षणाचा, म्हणजे रानडुकरांसाठी. पण आपल्याकडे लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद, नगरपालिका असं काहीतरी चालूच असतं, आणि आचारसंहिता लागली की बंदूक ठाण्यात जमा. निकालानंतर ती घरी येते, मामा तिला तेलपाणी करतात, तोवर पुढची निवडणूक जाहीर होते. डुकरांना हे वेळापत्रक पाठ झालं असावं.

बंदूक ठाण्यात असताना नेमबाजाने करायचं काय? मामा वाचतात. अमेरिकेतला भाचा रजेवर येताना मामींना चॉकलेटं आणतो आणि मामांना ‘ट्रॅप अँड फील्ड’ या नेमबाजीच्या मासिकाचे जुने अंक. मामा वाचायला सुरुवात जाहिरातींपासून करतात. इटलीच्या पेराझ्झी बंदुकीसाठी किती क्विंटल हळद विकावी लागेल, याचा हिशेब समासात पेन्सिलीने मांडलेला असतो. तो पाहिल्यापासून मामींनी हळदीच्या पट्ट्या स्वतःच्या ताब्यात घेतल्या आहेत.

शिकवणी चहाच्या टपरीवर चालते. सात ग्लास अर्धवर्तुळात, आठवा मधोमध, ही नेमबाजाची स्टेशनं; एका टोकाला साखरेचा डबा, दुसऱ्या टोकाला पत्तीचा. झालं स्कीट या तबकड्यांच्या खेळाचं मैदान तयार! दोन्ही डब्यांतून तबकड्या सुटतात. व्यास ११० मिलिमीटर, वजन १०५ ग्रॅमच्या आसपास. मातीची म्हणतात, पण असते डांबर आणि चुनखडीच्या भुकटीची. पूर्वी जिवंत कबुतरं उडवून मारत. १९०० साली पॅरिसला ऑलिंपिकच्या वेळीसुद्धा मारली. मामा इथवर येतात तेव्हा टपरीवाला म्हणतो, “मामा, तेवढं चार नंबरचं स्टेशन द्या, गिऱ्हाईक आलंय.”

मामांचा सगळ्यात लाडका किस्सा १९२६ सालचा. अमेरिकेतल्या एका शिकारी मासिकाने या नव्या खेळाला नाव सुचवा म्हणून १०० डॉलरचं बक्षीस लावलं आणि मोंटानाच्या गर्ट्रूड हर्लबट या बाईंनी ‘स्कीट’ हे नाव देऊन ते जिंकलं. “म्हणजे खेळाचं बारसं कुणी केलं? वाचकानं!” मामा टेबलावर थाप मारतात. बाई बंदूक चालवत होत्या का, हे मात्र विचारू देत नाहीत.

महाराष्ट्राच्या नेमबाजांबद्दल त्यांना आदर आहे, पण हातचा राखून. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, २०२४ ला पॅरिसहून कांस्य आणणारा कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, सगळे चांगलेच, “पण त्यांचं टार्गेट जागेवर उभं असतं हो.” मामांचे देव दोन, दोघेही उडत्या तबकड्यांचे. १९६२ साली कैरोच्या जागतिक स्पर्धेत ट्रॅपमध्ये रौप्य मिळवणारे बिकानेरचे करणीसिंग, आणि २००४ ला अथेन्समध्ये डबल ट्रॅपचं रौप्य आणणारे राज्यवर्धनसिंह राठोड. २०२४ च्या पॅरिसमध्येच स्कीटच्या मिश्र दुहेरीत महेश्वरी चौहान आणि अनंतजितसिंग नरुका यांचं कांस्य ४३-४४ असं एका तबकडीनं हुकलं, त्या रात्री मामा जेवले नाहीत.

मासिकांतून त्यांनी उचललेलं मुख्य तत्त्व म्हणजे ‘लीड’. तबकडी आहे तिथं मारायचं नाही, जाणार आहे तिथं मारायचं. हेच तत्त्व त्यांनी एकदा बाजारात वापरलं. भाव पुढे जाणार म्हणून हळद घरात ठेवली आणि भाव खाली आला. मामींनी जाब विचारला तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “लीड जरा जास्त झाली.”

परवा शेजारच्या ज्वारीत सालगड्याचं पोरगं माळ्यावरून गोफण फिरवत होतं. पाखरांचा थवा उठला की दगड बरोबर थव्याच्या पुढे जायचा. मामांनी बांधावरून दहा-बारा दगड पाहिले आणि निकाल दिला, “नजर बरी आहे. पाय चुकायलेत.”

पोरगं खाली वाकून म्हणालं, “मामा, तुमी कधी उडतं मारलंव का?”

“आचारसंहिता होती,” मामा म्हणाले.

यंदा भाच्याला रजा नाही. अमेरिकेहून हिंगोली-नांदेडकडे कुणी येणार असेल, तर त्यांनी बॅगेत किलोभर जागा ठेवावी. अंक जुने असले तरी चालतील, फक्त जाहिरातींची पानं फाडलेली नसावीत.